झोपेचं विरजण

तिला मी पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ती माझ्या वर्गाच्या दारात तक्रार घेऊन उभी होती. शेजारच्या इमारतीतून कुणी शाळेत तक्रार घेऊन आलं, की ती आवाजाचीच असणार, हे कुठल्याही बाईंना अनुभवाने कळतं. म्हणून तिने तोंड उघडायच्या आतच मी म्हटलं, "मुलांना गप्प करते हं."

"गप्प आहेत म्हणूनच आलेय," ती म्हणाली. "आज पाढे का नाहीत?"

त्या दुपारी मी मुलांना चित्रं काढायला बसवलं होतं. वर्गात फक्त खडू घासल्याचा आणि नाकं ओढल्याचा आवाज होता.

"माझी पोरं नुसती छताकडे बघत पडलीत," ती म्हणाली. "एरवी बाराच्या पाढ्याला निम्मी झोपतात, उरलेली तेराला. चौदापर्यंत कोणी टिकत नाही."

"माझीही टिकत नाहीत," मी म्हटलं.

ती हसली नाही, पण जायलाही निघाली नाही. मग मी मुलांना चित्रं बाजूला ठेवायला सांगितली आणि आम्ही बारापासून सुरुवात केली. ती दारातच उभी राहून ऐकत होती. बारा सख बहात्तर येईपर्यंत तिचा चेहरा निवला, आणि मग ती गेली. जाताना पावलांचा आवाज आला नाही. ती चालताना आधी बोटं टेकायची, मग हळूच टाच, जणू जमीनसुद्धा नुकतीच झोपली आहे.

सगळे तिला झोपमावशी म्हणायचे. ती पाळणाघर चालवत होती, आणि तेही बर्फाच्या जुन्या कारखान्यात.

घरोघरी फ्रीज आले तसा तो कारखाना बंद पडला. तिचा नवरा तिथे यंत्रावर होता. यंत्रं थांबल्यावर मालकाने त्याला राखणीला ठेवलं, आणि तो गेल्यावर तीच कोपऱ्यातल्या खोलीत राहिली. एक दिवस कपड्यांच्या कारखान्यातली कोणी बाई आपलं तान्हं तासाभरासाठी तिच्याकडे ठेवून गेली. तो तास काही संपला नाही. पोरं वाढत गेली. जिथे पूर्वी बर्फाच्या लाद्या रचत, त्या लांबलचक खोलीत चटया आल्या.

ती खोली मी पुढे कितीदा पाहिली, तरी आत शिरताना दर वेळी पाण्यात उतरल्यासारखं वाटायचं. भिंती हातभर जाड. आतल्या बाजूने बुचाच्या लाकडाचं अस्तर, त्यामुळे बाहेरचं ऊनही आत येत नसे आणि आवाजही. खिडक्या उंच, छताजवळ. उन्हाने बर्फ वितळू नये म्हणून त्यांच्या काचा कधीकाळी निळ्या रंगवलेल्या. त्यातून दुपारचा जो उजेड खाली यायचा, तो निळसर, संथ, जरासा हलणारा. आमच्या शाळेच्या बाजूला एकच झरोका होता. त्यातून पाढे यायचे, शब्द झिजून गेलेले, नुसता हेलकावा उरलेला. मी स्वतः तिथे उभी राहून माझाच वर्ग ऐकलाय आणि मला जांभई आलीय.

आमचा भाग उताराचा. वर एक आळी, खाली एक आळी, आणि मध्ये शाळा, बर्फाचा कारखाना, दवाखाना. वरच्या आळीत देऊळ, खालच्या आळीत मशीद. घरात बोलायची भाषाही दोन्हीकडची वेगळी, कारण सगळ्यांचेच आजे-पणजे कामासाठी निरनिराळ्या मुलखांतून आलेले. बाजारात आणि कारखान्यात मात्र सगळे एकच भाषा बोलत, आपापल्या हेलात. झोपमावशी यातल्या कुठल्याच आळीची नव्हती. ती तिसऱ्याच मुलखातली. पोरांना थोपटताना ती जे पुटपुटायची ते दोन्हीकडच्यांना कळायचं नाही. त्यामुळे वरच्यांना वाटायचं ती खालची असावी, आणि खालच्यांना वाटायचं वरची. कुणी विचारलंच, "मावशी, तुम्ही नक्की कोणाच्या?" तर म्हणायची, "दुपारी सगळ्यांची. संध्याकाळी ज्याचं त्यानं घेऊन जावं."

तिच्या कामाचा एक नियम होता. तो तिने मला एकदा अगदी गंभीरपणे सांगितला.

"झोप म्हणजे दही लावण्यासारखं असतं, बाई. कोमट हवं, हलवायचं नाही, आणि थोडं विरजण हवं. एक पोर असं पाहिजे, जे पडल्या पडल्या झोपतं. त्याला मधोमध टाकायचं. मग त्याच्या शेजारचं झोपतं, मग त्याच्या शेजारचं. पार भिंतीपर्यंत लागत जाते."

त्या सुमाराचं विरजण म्हणजे खालच्या आळीतला एक गोलमटोल मुलगा. आई कारखान्यात काज-बटण विभागात. हे पोर एक बूट काढून दुसऱ्याकडे वळेपर्यंत झोपलेलं असे. मावशी त्याला 'विरजण' अशीच हाक मारायची, आणि तो ओ द्यायचा. त्याच्या शेजारी असायची टकटक. ही वरच्या आळीतली, हडकुळी, डोळेच डोळे असलेली. हिची आई त्याच कारखान्यात कापड बेतून कापायची. टकटक झोपत नसे. घरी तर नाहीच. रात्री-अपरात्रीही तिचे डोळे मांजरासारखे उघडे, असं तिचे आजोबा सांगत. इथे ती निदान पडून राहायची, तेही एका अटीवर. विरजणाच्या कानाची पाळी तिच्या बोटांत पाहिजे. ती पाळी चिमटीत धरून ती पापण्या अर्ध्या मिटायची. त्यापुढे नाही. "अर्धं लागलेलं दही," असं मावशी म्हणायची.

मग ते वर्ष आलं.

दूर कुठेतरी काहीतरी घडलं. आम्ही कुणी ते गाव पाहिलं नव्हतं. पण बातमी उतारावरून खाली आली आणि खालून वर गेली, आणि दर फेरीत जड होत गेली. दगड आले, एक दुकान जळलं, मग दुसऱ्या बाजूचं एक. रात्री दोन्ही आळ्यांत माणसं काठ्या घेऊन जागायला लागली. कारखान्यात जेवणाच्या सुटीत बायका दोन वेगळ्या झाडांखाली बसायला लागल्या. माझ्या वर्गात तर मुलांनी मला न विचारताच बाकं बदलली.

पाळणाघरात वरच्यांच्या वतीने टकटकचे आजोबा आले. हे पोस्टमन होते, निवृत्त. दोन्ही आळ्यांतलं प्रत्येक दार त्यांच्या पायाखालचं. आता एका डोळ्यात मोतीबिंदू आणि दुसऱ्यात त्याची सुरुवात. खालच्यांच्या वतीने विरजणाचा मामा आला, ट्रकचालक, खांदे दारात न मावणारे. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही, पण मागणं एकच होतं. खोलीच्या मधोमध पडदा लावायचा. आमची इकडे, त्यांची तिकडे.

त्या वर्षी दोन्ही आळ्यांचं एकमत झालं ते या पडद्यावर.

"कापडसुद्धा आणलंय," आजोबा म्हणाले आणि तागा खाली ठेवला. कारखान्यातलंच, फिकट राखाडी, जाडसर. निम्मं कापड वरच्यांनी घेतलेलं, निम्मं खालच्यांनी, हेही मागाहून कळलं.

"मला नको," मावशी म्हणाली. "मधून वारा येणार नाही."

"वाऱ्याचं काय ते बघू," मामा म्हणाला. "आधी पडदा."

पडदा लागला. पहिल्या दिवशी दुपारी खालची अर्धी खोली झोपली आणि वरची अर्धी खोली टक्क जागी राहिली. विरजण खालच्या बाजूला होतं ना. वरच्या बाजूला मावशीने एकेकाला मधोमध टाकून पाहिलं. कोणी लागेना. पोरं कुजबुजायची, मग रडायची, मग त्या रडण्याने पलीकडचीही उठायची. पाढ्यांनीही काही होईना, आणि मी तर एकोणतीसपर्यंत गेले होते. पडद्याच्या तळाशी, जमिनीलगत, एक बारीक हात पलीकडे चाचपडत असायचा. टकटकचा. पलीकडून कधीकधी विरजण झोपेतच लोळत यायचं आणि डोकं पडद्याला टेकायचं. मग तो हात थांबायचा.

काही दिवसांनी मी गेले तर मधोमध मोकळं होतं.

"पडदा?" मी विचारलं.

"धुवायला टाकलाय," मावशी म्हणाली. तिच्या शेजारी कात्री होती आणि ओच्यात राखाडी कापड. ती त्याच्या कडा दुमडून टाके घालत होती.

थंडी पडायला लागली होती, आणि बर्फाच्या कारखान्याची थंडी काही सांगायला नको. त्या पडद्याच्या चादरी झाल्या. सगळ्या सारख्या, सगळ्या राखाडी. पुढच्या आठवड्यात पोरं त्यात गुरफटून झोपली होती, आणि खोलीकडे वरून पाहिलं तर भुरक्या ढगांचा एक थर जमिनीवर उतरल्यासारखा दिसत होता.

दोन्ही आळ्यांना कळायचं ते कळलंच. येत्या रविवारी बैठक बोलावली गेली. वरच्यांनी देवळामागची एक खोली बघून ठेवली होती, खालच्यांनी एका दुकानामागची. पाळणाघर मोडायचं, दोन करायची, मावशीला रजा द्यायची. सगळं ठरल्यातच जमा होतं, फक्त म्हणायचं बाकी होतं.

"तुमचं कसं होणार?" मी तिला विचारलं.

"माझं काय. चार घरची भांडी घासेन." ती चादरीतून बाहेर आलेला एक पाय आत सारत म्हणाली, "पण वरच्यांना विरजण कोण देणार? आणि ही टकटक. हिला एकदा तरी पुरी झोपलेली बघायचीय मला. मग करा काय करायचं ते."

रविवार यायच्या आधीच एका दुपारी कपड्यांच्या कारखान्याचा भोंगा नको त्या वेळी झाला.

आम्ही शाळा सोडली, मुलं भरभर घरी पोचवली. मी परत येईपर्यंत खालच्या वळणावर पोलिसांनी दोर बांधला होता आणि घरी जायचा माझा रस्ता बंद झाला होता. कुठेतरी टायर जळत होते. मी बर्फाच्या कारखान्यात शिरले. वीज गेली होती. निळ्या काचांवर धुराची सावली आली होती आणि खोली नेहमीपेक्षा खोल, नेहमीपेक्षा पाण्याच्या तळाची वाटत होती. त्या काळोखात मावशी एकेका चटईशी वाकत होती.

एक गोष्ट मला अजून आठवते. माणसं धावत येत होती, धापा टाकत, घाबरलेली, कुणाच्या चपला राहून गेलेल्या. पण दाराच्या आत पाऊल पडलं की ती आपोआप हळू बोलायला लागायची. "आमचा द्या, मावशी," असं कानात सांगितल्यासारखं. ती धुरापासून डोकं झाकून, चादरीत गुंडाळून, एकेक पोर हातात द्यायची. त्या खोलीला दोन दारं, एक वरच्या बाजूला उघडणारं, एक खालच्या. दोन्हीकडून पोरं जात राहिली.

शेवटच्या चटईवर दोघं उरली. वरच्या दारात आजोबा आले, भिंत धरून. खालच्या दारात मामा, ट्रक चालू ठेवून. मावशीने अंधारात वाकून, गुरफटलेल्या चादरींवरूनच, दोघांनाही चाचपलं. एकाचं अंग सैल, जड, ओल्या कापसासारखं. दुसऱ्याचं ताठ, काठीसारखं, आकसलेलं. जड पोर तिने मामाच्या खांद्यावर टाकलं, ताठ पोर आजोबांच्या हातात दिलं. दारं लागली. आम्ही दोघी एका रिकाम्या चटईवर बसलो.

अंधार पडायच्या सुमाराला कोपऱ्यातला फोन वाजला. पलीकडे आजोबा होते. ते इतक्या मोठ्याने बोलत होते की मलाही ऐकू येत होतं.

"मावशी, हे आमचं नाही."

"काय तुमचं नाही?"

"पोर. चादर तुमची आहे, पण पोर आमचं नाही."

मावशी फोन धरून खाली बसली. एरवी तिचा चेहरा हलत नसे. आता तो पार उतरला होता. रस्त्यावर दोर बांधलेले, दोन्ही आळ्यांत काठ्या घेतलेली माणसं, आणि दोन्हीकडे एकेक परकं पोर. तिच्या हातून.

पण ती फार वेळ बसून राहिली नाही. तिने मामाच्या घरी फोन लावला. "मुलगी बरी आहे?"

"रडत नाही," मामा म्हणाला. "आत्ताच जागी झाली. नुसती बघतेय. मला भीती वाटतेय हिची."

"तुझ्या बहिणीला हा नंबर लिहून घ्यायला सांग. मुलीच्या आईचा आहे. आईला आईशी बोलू दे. मध्ये कोणी बोलू नका."

पुढचं मला दोन्ही घरांनी सांगितलं. दोन्हींचं सांगणं थोडं वेगळं आहे. मी दोन्ही तसंच ठेवते.

त्या दोघी एका कारखान्यात कित्येक वर्षं होत्या. एक शर्टाचे भाग कापायची, दुसरी त्यांना काजं करायची. नाव मात्र एकमेकींचं ठाऊक नव्हतं. फोनवर पहिल्यांदा दोघी नुसत्या रडल्या, हे दोघींनाही कबूल आहे. मग विरजणाच्या आईने विचारलं, "हिला झोपवू कशी? डोळेच मिटत नाहीत."

"तिला कान लागतो."

"कान?"

"पाळी. धरायला. पण गार पाहिजे. गरम असला की सोडून देते."

"माझे तर भट्टीसारखे झालेत आत्ता."

"घरात दुसरं कोणी नाही?"

आजीच्या कानात जड बाळ्या. बापाची रात्रपाळी, तो अडकलेला. राहिला मामा. तो नुकताच तोंड धुऊन आला होता, त्याचा कान गार. एवढा थोरला माणूस चटईवर आडवा झाला आणि टकटकने त्याच्या कानाची पाळी पकडली. थोड्या वेळाने दाराशी त्याचे सोबती आले. "चल, वळणावर बोलावलंय सगळ्यांना." मामा आतून म्हणाला, "कसा येऊ? कान अडकलाय."

"काय अडकलंय?"

"कान. या पोरीच्या हातात."

कोणीतरी आत डोकावलं. मग दुसरं. मग ते हसायला लागले, आणि हसू दाबायला लागले, कारण पोरीचे डोळे अर्धे मिटत आले होते. मामा त्या दिवशी वळणावर गेला नाही. त्याचे सोबतीही, तो नाही तर आपण तरी कशाला, म्हणून इथेतिथे पांगले. त्याला अजून कानमामा म्हणतात.

वरच्या आळीत गोष्ट इतकी हसण्यासारखी नव्हती. बातमी पसरली आणि आजोबांच्या दारात माणसं जमली. एकजण म्हणाला, "आपली पोर परत येईपर्यंत हे इथून हलवायचं नाही."

आजोबा आरामखुर्चीत होते. पोर त्यांच्या मांडीवर, अजून ताठ, हुंदके देत.  ते पोराला म्हणाले, "तुझं घर माहीतेय मला. चिंचेच्या झाडाखालचं, निळ्या दाराचं. तुझ्या आजोबांना पत्रं यायची, परदेशातून, मोठ्या तिकिटांची. ती तिकिटं ते मला द्यायचे." असं ते बोलत राहिले, दारामागून दार, पत्रामागून पत्र, सगळी खालची आळी. बोलता बोलता पोर सैल पडलं. मग तोंड उघडलं, आणि विरजण नेहमीसारखं झोपलं.

"आता हळू बोला," आजोबा दारातल्यांना म्हणाले. "झोपलंय."

त्या घरात कितीतरी रात्रींत कुणी धड झोपलं नव्हतं. सून, म्हणजे टकटकची आई, फोन मांडीवर घेऊन भिंतीला टेकली आणि तिथेच तिचा डोळा लागला. आजोबा खुर्चीत. दारातली माणसं पायरीवर बसली, मग खांबाला टेकली. सकाळी दूधवाला आला तेव्हा सगळे घोरत होते आणि त्यांच्या काठ्या घरंगळत गटारापर्यंत गेल्या होत्या. आजोबा सांगायचे, की सबंध वरची आळी त्या रात्री झोपली, कुत्रीसुद्धा. सून म्हणते, "बाबांना वाढवून सांगायची सवय होती. आमच्या दारातले झोपले, एवढं खरं."

दुसऱ्या दिवशी दोर थोडा वेळ सुटला. दोन्ही दारांतून दोघं आले. आजोबांच्या खांद्यावर विरजण, मामाच्या खांद्यावर टकटक. मागे दोघी आया, डोळे सुजलेले, आणि त्यांच्या मागे थोडी माणसं. पोरांची अदलाबदल झाली. आयांनी त्यांना इतकं आवळलं की दोघं कुरकुरली. मग खाली उतरवल्याबरोबर टकटक विरजणाकडे गेली आणि तिने त्याचा कान धरला, आपली राहिलेली वस्तू उचलावी तसा.

मावशी समोर उभी होती. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "तुम्हाला रविवारी काय ठरवायचं ते ठरवा."

"पण झाली कशी?" मामाने विचारलं. "तू तर यांना डोळे मिटून ओळखतेस."

"डोळे मिटूनच ओळखलं. अंधारात झोपेवरून ओळखते मी. जड झोपलेलं म्हणजे विरजण, ताठ ते टकटक. त्या दिवशी भोंग्याने विरजण जागं झालं होतं. आणि ही..." ती थांबली. "ही झोपली होती. पुरी. हात टाकून, तोंड उघडं. तशी तिला मी कधी पाहिली नव्हती, म्हणून मला वाटलंच नाही की ती आहे."

 मग आजोबा पुढे झाले.

"आमची?" ते म्हणाले. "आमची झोपली होती?"

"हो, बाबा."

"भोंगा होऊनही?"

"ऐकलासुद्धा नाही तिनं."

"मी तर ट्रकमधून नेली तिला," मामा म्हणाला. "त्या रस्त्यावरून. तरी उठली नाही. म्हणून तर मला कळलं नाही."

आजोबांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाला पुसला आणि परत घातला. त्यांच्या मोतीबिंदूला त्याने काही फरक पडत नसे. "जन्मल्यापासून ही पोर झोपली नाही," ते म्हणाले, कुणाला असं नाही.

रविवारी बैठक झाली. थोडेच लोक आले. आजोबा म्हणाले, देवळामागची खोली कुणाला भाड्याने द्यायची ती द्या, माझी नात इथे झोपते. मामाने सांगितलं, की दुकानामागच्या खोलीत घुशी आहेत, त्याने जाऊन बघितलंय. विरजणाच्या आईने एक मुद्दा काढला, तो मात्र सगळ्यांना पटला. चादरी सारख्या ठेवायच्या, पण ओळख हवी. तिने कारखान्यातून उरलेली बटणं आणली आणि प्रत्येक चादरीला, घसरू नये म्हणून गळ्याशी काज करून, एकेक लावलं, कुणाचं लाल, कुणाचं शिंपल्याचं, कुणाचं चार भोकांचं. काजं सरळ होती. "पट्टी वाकडी कापली नाही की काज सरळच येतं," ती टकटकच्या आईला म्हणाली.

"कात्री बोथट देतात, मी काय करू?"

"मग सांग ना त्यांना."

"तूही चल सांगायला."

जेवणाच्या सुटीतल्या त्या दोन झाडांपैकी एकाखाली हळूहळू गर्दी वाढली.

सगळं असंच गोड झालं, असं मात्र नाही. काही घरांनी पोरं काढून घेतली ती घेतलीच. वरच्या आळीतला एकजण आजोबांशी शेवटपर्यंत बोलला नाही. जळलेल्या दुकानाचा मालक गाव सोडून गेला, आणि त्याची मुलगी माझ्या वर्गातल्या तिच्या बाकावर पुन्हा बसली नाही. तो बाक मी बराच काळ रिकामा ठेवला. पण पडदा पुन्हा लागला नाही.

पुढे दोघं माझ्या वर्गात आली. विरजण सातच्या पाढ्याला झोपायचं, आणि त्याच्यामागे अख्खी रांग पेंगायला लागायची. शेवटी मी त्याला खिडकीपाशी उभं केलं. टकटक पाढे न चुकता म्हणायची आणि म्हणताना कुणाकडे तरी एकटक बघायची, इतकी, की त्याचे चुकायचे. आता विरजण बसचालक आहे, आणि त्याच्या आईचा जीव रोज टांगणीला असतो, पण आजवर काही झालेलं नाही. टकटक इस्पितळात रात्रपाळीची परिचारिका आहे. ते काम तिला सोपं जातं.

आजोबा गेले. कपड्यांचा कारखाना बंद झाला. तेव्हा विरजणाची आई पाळणाघरात आली, आणि मागोमाग टकटकचीही. आता त्या दोघीच ते चालवतात आणि दिवसभर एकमेकींच्या चुका काढतात. मीही निवृत्त झाले. पण झरोक्यातून पाढे अजून येतात, नव्या बाई जरा भरभर म्हणवून घेतात एवढंच. मावशीने निरोप पाठवून त्यांना दोनदा सांगितलंय.

मावशीचे गुडघे गेले, म्हणून तिच्यासाठी आता खोलीत एक बुटका पलंग आहे, मधोमध, पोरांच्या चटयांमध्ये. ती थोपटायला म्हणून बसते. तिच्या अंगावर तीच राखाडी चादर असते, काळ्या बटणाची. मी परवा गेले होते. निळा उजेड तसाच हलत होता, तेराचा पाढा सुरू झाला होता, आणि पोरं डोळे उघडे ठेवून वाट बघत होती.

हल्ली तिथे सगळ्यांच्या आधी मावशीलाच झोप लागते.